भाडं सुचवणाऱ्या सॉफ्टवेअरवर आत्ताच नियम हवेत का?

कृष्णाकाठ (सांगली)
अमेरिकेत रिअलपेज कंपनीचं सॉफ्टवेअर लाखो घरांची भाडी सुचवतं. मालक कंपन्या आपली आतली माहिती त्याला द्यायच्या: भाडं खरोखर कितीवर ठरलं, घरं किती रिकामी, करार कधी संपतो. मग एकमेकांचे स्पर्धक असलेले हेच मालक त्यातून निघालेल्या सल्ल्यावर चालायचे. प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने 2022 मध्ये हे उघड केलं. ऑगस्ट 2024 मध्ये तिथल्या न्याय विभागाने आठ राज्यांसह खटला भरला. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोने असा वापर बंद केला, 2025 मध्ये न्यूयॉर्क राज्याने कायदा केला.

सरकारने भाड्याचा आकडा ठरवावा असं मी म्हणत नाही. स्पर्धक मालकांची जाहीर नसलेली माहिती एकत्र करून भाडं सुचवायला मनाई करा, एवढंच. हे इथे रुजल्यावर काढणं अवघड जाईल.

वरचा_मजला (विश्रामबाग)
साहेब, इथे कंपन्या कुठे आहेत? वर दोन खोल्या काढून वालचंद कॉलेजच्या पोरांना देणारे आम्ही. दर एजंटला विचारतो, शेजाऱ्याला विचारतो. मग तेही बंद करणार का? जुन्या भाडेकायद्याने काय झालं ते बघा. भाडं वर्षानुवर्षं तेवढंच, डागडुजीला पैसा नाही, वाडे ढासळले. 1999 च्या कायद्याने जुन्या भाड्यात वर्षाला 4 टक्के वाढ दिली, त्यात कौलंही बदलून होत नाहीत. घरपट्टी, पाणीपट्टी, बँकेचा हप्ता आम्हीच भरायचा. मालकाला बाजारभाव कळला तर त्यात गुन्हा काय?

कृष्णाकाठ
बाजारभाव कळण्यात गुन्हा नाही. पण शेजाऱ्याला विचारलंत तरी खोली रिकामी राहिली की तुम्ही पाचशे कमी करताच, आणि त्यावरच भाडेकरूचं निभतं. प्रोपब्लिकाच्या बातमीत नेमकं हेच होतं: चार घरं रिकामी राहिली तरी चालतील, भाडं खाली आणू नका, असा सल्ला. एकटा मालक हे धाडस करत नाही. बाकीचेही धरून राहणार याची खात्री असली की करतो.

रात्रपाळी (मिरज)
मी दवाखान्यात काम करते, भाड्याने राहते. 2019 च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा लोक मिळेल त्या उंच जागी धावले. काही मालकांनी माणुसकी दाखवली, महिनाभर भाडं मागितलं नाही. मशीनला त्या दिवशी फक्त मागणी वाढलेली दिसली असती. माझा नियमाला पाठिंबा.

काळा_कोट
ताई, पुरातल्या दरवाढीचा प्रश्न वेगळा, तो साध्या एजंटकडूनही येतो. मुद्दा संगनमताचा आहे आणि त्यासाठी 2002 चा स्पर्धा कायदा आहे. त्यातलं स्पर्धा मारणाऱ्या करारांना मनाई करणारं कलम 3 लावा. नवा कायदा आला की छोट्या मालकाच्या मागे नोटिसा लागतील.

कृष्णाकाठ
वकीलसाहेब, ओला-उबरचं प्रकरण आठवा. भाडं ठरवणाऱ्या अल्गोरिदममुळे, म्हणजे ॲपच्या आपोआप चालणाऱ्या हिशोबामुळे, चालकांमधली भावाची स्पर्धा संपते, अशी तक्रार होती. चालकांमध्ये आपसात करार दिसत नाही म्हणून स्पर्धा आयोगाने 2018 मध्ये ती फेटाळली, सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तेच कायम ठेवलं. भाड्यातही मालक एकमेकांशी बोललेलेच नसतील, मग करार दाखवणार कुठून? नियम सॉफ्टवेअर विकणाऱ्यावर ठेवा, दोन खोल्यावाल्यावर नको.

आणि मालकाला भाव कळायला हवा, तसा भाडेकरूलाही. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे भाडेकराराची, नोंदणी सक्तीची आहे, म्हणजे ठरलेलं भाडं सरकारदरबारी असतंच. नावं वगळून भागवार सरासरी जाहीर करा.

वरचा_मजला
सरासरी जाहीर करायला माझी हरकत नाही. पण नोंदणीत अनेक जण भाडं कमी दाखवतात, ते आधी निस्तरा. बंदीला मात्र माझा विरोधच. उद्या माझ्या मुलाने पुण्यातून हे घर सांभाळायचं म्हटलं, तर त्याला इथला भाव कोणता शेजारी सांगणार आहे?