हडसनकाठचे गरुड : न्यू यॉर्क-जर्सीत तुम्हाला बाल्ड ईगल कुठे दिसला?

पाणकाठ

मंडळी, न्यू यॉर्क आणि जर्सीत आपली एवढी माणसं राहतात, पण ‘इथे बाल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याचा अमेरिकन गरुड, दिसतो’ म्हटलं की अजून पुष्कळांना खरं वाटत नाही. त्यासाठी अलास्काच गाठायला हवं, असा समज आहे. म्हणून हा धागा. तुम्हाला कुठे दिसला, काय करत होता, सोबत कोण होतं ते लिहा. फोटो नसला तरी चालेल. फक्त ज्या घरट्याची जागा आधीच सगळ्यांना ठाऊक नाही, तिचा पत्ता इथे देऊ नका, एवढी कळकळीची विनंती.

सुरुवात माझ्यापासून करते. फेब्रुवारीतला रविवार होता. ग्रँड सेंट्रलहून मेट्रो-नॉर्थची हडसन लाइन पकडली आणि डाव्या हाताची खिडकी धरली, कारण नदी त्या अंगाला. क्रोटन-हार्मनला उतरलं की क्रोटन पॉइंट पार्क चालत जाण्याजोगं आहे. हडसनला आपण नदी म्हणतो, पण इथे ती खाडीच. भरतीचं पाणी पार ट्रॉयच्या धरणापर्यंत चढतं. त्या दिवशी भरतीबरोबर बर्फाचे मोठमोठे तवे उत्तरेकडे निघाले होते आणि त्यातल्या एकावर तो बसला होता.

दुर्बीण लावली. पायाखाली मासा, शेपटी अजून बर्फावर फटफट आपटत होती. एक लचका तोडायचा, मान वर करून चहूकडे बघायचं, मग दुसरा लचका. मागे हातभर अंतरावर दोन कावळे. त्यातला एक पुढे होऊन त्याच्या शेपटीचं पीस ओढायचा आणि मागे उडी मारायचा. गरुड नुसता वळून बघायचा. आणि हे सगळं बिऱ्हाड त्या तव्यासकट माझ्यासमोरून हळूहळू सरकत चाललेलं. वळणाआड दिसेनासं होईपर्यंत मी हातमोजे घालायचेसुद्धा विसरले होते.

हिवाळाच का, तर उत्तरेकडची तळी गोठली की तिकडचे गरुड मोकळं पाणी शोधत खाली येतात. डिसेंबर ते मार्च बघावं, जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. झाडांना पानं नसतात, त्यामुळे बसलेला पक्षी लांबूनही कळतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला क्रोटन पॉइंटला ईगलफेस्ट भरतो. तिथे जाणकार मंडळी आपापल्या दुर्बिणी लावून उभी असतात आणि कुणालाही बघू देतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तोच दिवस गाठावा.

सायली_एडिसन

मुलीच्या आयडीवरून लिहिते आहे. मी दापोली तालुक्यातली, वय ७१, सध्या सहा महिने लेकीकडे एडिसनला आहे.

परवा जावई हायलंड पार्कला डोनल्डसन पार्कमध्ये घेऊन गेले होते. तिथे रॅरिटन नदी वाहते. मी बाकावर बसले होते आणि समोरच्या वाळक्या झाडावर पांढऱ्या डोक्याचं काहीतरी दिसलं. मी म्हटलं, अगो बाय, ही आपली ब्राह्मणी घार इथे कशी? आमच्याकडे बंदरावर होड्या लागल्या की पहिली तीच हजर. तांबूस अंग, पांढरं डोकं. जावई म्हणाले, आई, नीट बघा. मग तो उडाला आणि माझ्या लक्षात आलं. पंख केवढे! पुरुषभर उंचीपेक्षाही जास्त असतील.

आकाराने मला आमचा समुद्र गरुड आठवला. तो पांढरा-करडा असतो. आमच्या आगराच्या टोकाला जुना आंबा होता, त्यावर त्यांचं घरटं. दर वर्षी तेच घरटं, दर वर्षी त्यावर नवीन काटक्या. झाडाखाली समुद्री सापांचे मणके पडलेले असायचे, पांढरे, माळेतल्या मण्यांसारखे. आम्ही पोरं ते गोळा करायचो आणि आजीचा ओरडा खायचो. वडिलांनी ते झाड शेवटपर्यंत तोडू दिलं नाही. गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं होतं.

इथला गरुडही तेच घरटं वर्षानुवर्षं वाढवत नेतो, असं लेकीने वाचून दाखवलं. तेव्हापासून रोज चारच्या सुमाराला मी त्या बाकावर असते.

मिलिंद_हिल्सबरो

आम्ही हिल्सबरोला राहतो, ड्यूक फार्म्स या निसर्ग केंद्रापासून दहा मिनिटांवर. तिथल्या घरट्यावर २००८ पासून कॅमेरा आहे आणि घरबसल्या कुणालाही बघता येतो. २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळाने ते घरटंच पाडलं. जोडीने जवळच्याच झाडावर नवीन बांधलं आणि पिढी पुढे चालू ठेवली.

माझी लेक सात वर्षांची असताना हिमवादळाच्या रात्री कॅमेरा लावून बसली होती. मादी अंड्यांवर बसलेली आणि तिच्यावर बर्फ साचत चाललेला. पाठ झाकली गेली, खांदे गेले, शेवटी फक्त डोकं आणि पिवळी चोच. लेक म्हणाली, बाबा, ती उठत का नाही? मी म्हटलं, उठली तर अंडी गारठतील. साधारण पस्तीस दिवस अशी राखण करावी लागते, नर-मादी आळीपाळीने बसतात. पहाटे नर आला. ती अंग झटकून उठली तेव्हा तिच्याखालची जागा कोरडी होती, घरट्याच्या खोलगट भागातल्या गवतावर बर्फाचा कणसुद्धा नव्हता. लेक तेवढ्यासाठी पाच वाजता उठून बसली होती. त्यानंतर तिने शाळेत जे जे प्रोजेक्ट केलं ते गरुडावरच.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अख्ख्या न्यू जर्सीत एकच घरटं उरलं होतं. मग कॅनडातल्या मॅनिटोबाहून पिल्लं आणून सोडली. आज अडीचशेच्या वर घरटी आहेत.

गवतफुला

ओळखण्याबद्दल थोडं लिहिते, कारण निम्मे गरुड आपण बघूनही सोडून देतो. पांढरं डोकं आणि पांढरी शेपूट यायला चार-पाच वर्षं लागतात. तोवर तो सगळा तपकिरी, मध्ये मध्ये पांढरे डाग, चोचही काळपट. पहिल्या वर्षाचं पिल्लू आईबापांएवढंच दिसतं, त्यामुळे लोक त्याला भलताच पक्षी समजतात. वयानुसार चोच पिवळी होत जाते, डोकं मळक्या पांढऱ्यावरून स्वच्छ होतं. चौथ्या वर्षी बऱ्याचदा डोळ्यामागे काळसर पट्टा राहतो, काजळ ओघळल्यासारखा.

घोटाळा सगळ्यात जास्त होतो तो टर्की व्हल्चर या इथल्या गिधाडाशी. उडताना बघा. व्हल्चर पंख वर उचलून धरतो, इंग्रजी व्हीसारखे, आणि वाऱ्यावर डुलतो. गरुडाचे पंख फळी टाकल्यासारखे सपाट आणि उडणं ठाम. शिवाय व्हल्चरचं डोकं एवढंसं दिसतं, गरुडाची मान आणि चोच पुढे चांगली आलेली असते.

दिसला की ‘तपकिरी होता, म्हणून सोडला’ असं करू नका. तपकिरी पिल्लं दिसणं म्हणजे आसपास घरटी नांदती आहेत. मला तर पांढऱ्या डोक्याच्या दहांपेक्षा यंदाचं एक पिल्लू बघून जास्त आनंद होतो.

अनिकेत_११०

मॅनहॅटनमध्येच बघायचा असेल तर सेंट्रल पार्कचा रिझर्व्हॉयर. मी विद्यार्थी आहे, सकाळी तिथे धावतो. एका डिसेंबरात पाण्यावरचे शेकडो सीगल एकदम कालवा करत उठले. धावणारे सगळे थांबले. मग तो खाली आला आणि एका सीगलला घेऊन निघून गेला, मागे पाचव्या अॅव्हेन्यूच्या इमारती. शेजारच्या बाईंनी सांगितलं की हा रोव्हर. पायातल्या कड्यावर आर-सात असं लिहिलेलं आहे, २०१८ साली कनेक्टिकटमध्ये ते कडं घातलं. क्वीन्सच्या पक्षीवाल्यांनी त्याला हे नाव दिलं.

खूण एकच. सीगल बघा. ते विनाकारण सगळे एकदम उठत नाहीत.

रातपाळी

मी स्टेटन आयलंडला नर्स आहे. माउंट लोरेटोच्या परिसरात २०१५ साली एका जोडीने घरटं केलं. न्यू यॉर्क शहराच्या हद्दीत शंभरएक वर्षांत पहिलंच. लोकांनी नावंही ठेवली, व्हिटो आणि लिंडा. रातपाळी संपली की मी घरी न जाता आधी किनाऱ्यावर जायचे. कोविडच्या पहिल्या वर्षात तर रोज. वॉर्डातून बाहेर पडल्यावर कुणाशी बोलवत नसे. गाडीत बसून कॉफी प्यायची आणि समोरच्या पाण्यावर तो येतो का बघायचं. बहुतेक वेळा यायचा. त्या दिवसांत मला दुसरं काही नको होतं.

इथे ते का टिकले, तर मासा. मेनहेडन नावाचा तारलीच्या गोतातला तेलकट मासा, इथले मासेमार त्याला बंकर म्हणतात. बंदराचं पाणी सुधारलं तसा तो थव्याथव्याने यायला लागला आणि त्याच्यामागे देवमासे, ऑस्प्रे नावाचे मासेखाऊ शिकारी पक्षी, गरुड सगळे आले. ऑस्प्रेने पकडलेला मासा गरुड हवेतल्या हवेत हिसकावतो, तेही बघितलंय.

एक तक्रारही लिहिते. मागे दुसऱ्या एका गावी पैसे भरून गरुड दाखवणाऱ्या बोटीवर गेलो होतो. चांगले फोटो मिळावेत म्हणून बोटवाल्याने घरट्याच्या झाडाखालीच नेऊन इंजिन सुरू ठेवलं. मादी उठली आणि अकरा मिनिटं परतली नाही. मी घड्याळ लावून बघत होते. कडाक्याचा वारा होता. मी बोलले, पण बाकीचे फोटोत गुंतलेले. अंडी उबवणाऱ्या घरट्यापासून निदान तीनशे तीस फूट लांब राहावं असं सरकारी मार्गदर्शनच आहे. आपला पक्षी मान ताणून आपल्याकडे बघायला लागला की आपण फार जवळ आलो, एवढं समजून मागे फिरावं.

जुना_यॉर्कर

मी १९७८ साली या देशात आलो. पहिली पंधरा वर्षं बाल्ड ईगल मी फक्त डॉलरच्या नोटेवर पाहिला. इथे सगळे ‘दिसला, दिसला’ लिहीत आहेत ते वाचून मन भरून येतं, म्हणून मधला काळ सांगतो.

१९७६ साली सबंध न्यू यॉर्क राज्यात एकच घरटं होतं, हेमलॉक तळ्याजवळ, आणि त्या जोडीची पिल्लं जगत नव्हती. कारण डीडीटी. फवारा पाण्यात, पाण्यातून माशात, माशातून गरुडात. मग अंड्याचं कवच इतकं पातळ व्हायचं की आई उबवायला बसली की तिच्याच वजनाने फुटायचं. १९७२ साली डीडीटीवर बंदी आली, पण अंडी घालणारे पक्षीच उरले नव्हते.

तेव्हा राज्याच्या पर्यावरण खात्याने पिल्लं बाहेरून आणायला सुरुवात केली, बहुतेक अलास्कातून. पीटर नाय यांनी हे काम पुढे अनेक वर्षं सांभाळलं. उंच मचाणावर पिंजरे. त्यात काही आठवड्यांची पिल्लं. खालून, माणूस दिसणार नाही अशा बेताने रोज मासे पोचवायचे, कारण माणसाची सवय लागली तर पक्षी पुढे जगत नाही. पंख भरले की दार उघडायचं. १९७६ ते १९८८ या काळात अशी १९८ पिल्लं सोडली. १९८० साली त्यातल्याच एका जोडीने स्वतःचं घरटं करून पिल्लं वाढवली. १९९७ मध्ये हडसनच्या खोऱ्यात शंभर वर्षांनी पिल्लू उडालं. मग २००२ साली मॅनहॅटनच्या टोकाला इनवुड हिल पार्कमध्ये शहराच्या रेंजर्सनीही तेच केलं, विस्कॉन्सिनची पिल्लं आणून.

मी महाडचा. लहानपणी आमच्याकडे मेलेल्या गुराभोवती गिधाडं बसलेली मी मोजली आहेत. डायक्लोफिनॅकने ती गेली. गुरांना देण्याच्या त्या औषधावर भारतात २००६ मध्ये बंदी आली आणि म्हसळ्याजवळ चिरगावला गावकऱ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी मिळून घरट्यांची झाडं राखली. सुट्टीत गेलो की मी आधी तिथे जातो. तिथल्या मुलांना इनवुडच्या मचाणांची गोष्ट सांगितली आहे. ती फार लक्ष देऊन ऐकतात.

तुषार_व्ही

आवाजाबद्दल कुणी लिहिलं नाही. सिनेमात गरुड दिसला की जी लांबलचक किंकाळी ऐकू येते ती रेड-टेल्ड हॉक नावाच्या दुसऱ्याच शिकारी पक्ष्याची असते. बाल्ड ईगलचा खरा आवाज बारीक, किलबिलता, तुटक तुटक. तो ओळखायला लागल्यापासून मला दिसायच्या आधी ऐकू येतो.

डोंगरवाट

आमच्या घरामागे ऑरेंज काउंटीचं रान आहे. मागच्या हरणांच्या शिकारीच्या हंगामात कुंपणाशी गरुडाची एक मोठी मादी जमिनीवर बसलेली सापडली. मी पाच फुटांवर गेलो तरी उडाली नाही. मान खाली लोंबलेली, नखं वळलेली, डोळा मात्र माझ्यावर. पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या बाईंना फोन केला, त्या तासाभरात आल्या. रक्तात शिसं निघालं. शिकारी हरणाची आतडी रानात टाकून जातात, त्यात शिशाच्या गोळीचे कण असतात, गरुड ती खातो. ती मादी तिसऱ्या दिवशी दगावली.

त्या बाईंनी तिचं एक पीससुद्धा माझ्याकडे ठेवलं नाही, कायद्याने ठेवता येत नाही. शेजारी शिकार करतात, चांगली माणसं आहेत. त्यांच्या घरी जाऊन मी हे सगळं सांगितलं. दोघांनी यंदा तांब्याची काडतुसं आणली आहेत.

पाणकाठ

सगळ्यांचं वाचतेय. रातपाळीताई, अकरा मिनिटांचं वाचून पोटात कालवलं. जुने यॉर्कर काका, चिरगावबद्दल वेगळा धागा काढाच.

सायलीच्या आई, या रविवारी मी सकाळच्या गाडीने क्रोटनला जाते आहे. तुम्ही लेकीबरोबर या. घडीची खुर्ची, घोंगडी आणि आल्याचा चहा मी आणते. दुर्बीण तिवईवर लावून देईन म्हणजे हात दुखणार नाहीत. काल आलेल्या बातमीप्रमाणे पाणी गोठायला लागलंय, दोन पांढऱ्या डोक्याचे आणि एक यंदाचं पिल्लू धक्क्याजवळच्या झाडावर बसताहेत.