मदत हवी आहे: फौंड्रीतला जुना सर्व्हर बदलायचाय

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फौंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) आहे. ऑफिसात एकच सर्व्हर, विंडोज सर्व्हर २०१२ आरटू. त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्येच संपला, पण "चालतंय की" म्हणत ढकलत आलो. टॅली, पॅटर्नची (साच्यासाठीच्या नमुन्यांची) ड्रॉइंग्ज, हजेरी, सगळं त्यावरच. वाळूची काळी धूळ इतकी, की दर महिन्याला ब्लोअर मारावा लागतो.

मागच्या पंधरवड्यात एका पीसीतून रॅन्समवेअर (फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं. बॅकअपची यूएसबी डिस्क सर्व्हरलाच कायम लावलेली, त्यामुळं तीही लॉक झाली. अकाउंटवाल्या ताईंच्या पेनड्राइव्हवर आठ दिवसांपूर्वीची टॅली होती म्हणून वाचलो. चूक आमचीच.

आता नवीन सर्व्हर घेऊन त्यावर दोन-तीन व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच सर्व्हरवर चालणारे वेगवेगळे आभासी सर्व्हर) करायचं चाललंय. त्यासाठीचं सॉफ्टवेअर म्हणून एक व्हेंडर व्हीएमवेअर म्हणतो, पण ब्रॉडकॉमनं कंपनी घेतल्यावर कायमची लायसन्स विकणं बंद केलं, आता सबस्क्रिप्शनच. दुसरा म्हणतो प्रॉक्समॉक्स टाका, फुकट आहे. मान्य, पण रात्री अडलं तर फोन कुणाला लावायचा? की पंधरा जणांच्या ऑफिसला विंडोज सर्व्हरमध्येच येणारं हायपर-व्ही बास होईल?

आणि बॅकअपची एक प्रत बाहेर हवी. घरी ठेवावी तर घर शाहूपुरीत, २०१९ आणि २०२१ ला दोन्हीवेळा दारात पंचगंगेचं पाणी. मग क्लाउडच का? ड्रॉइंग्ज धरून ६०० जीबी डेटा आहे.

स्वतः वापरत असाल त्यांनीच सांगा. विकणाऱ्यांचं ऐकून झालंय.