ब्लॅकजॅक : दोन पुस्तकं, दोन उत्तरं. मदत हवी आहे

खडेबाजार_९
ब्लॅकजॅक शिकतोय : डीलरपेक्षा (कॅसिनोच्या बाजूनं पत्ते वाटणारा) २१ च्या जवळ जायचं, वर गेलं की बाद. एका पुस्तकात दोन अठ्ठ्या आल्या की कायम फोड (तेवढीच रक्कम अजून लावून दोन हात कर) म्हणतंय. दुसऱ्यात डीलरकडं दश्शी असली तर फोडू नको. माझे ११ आणि त्याची दश्शी, तर एकात डबल (रक्कम दुप्पट करून एकच पत्ता), दुसऱ्यात नुसता पत्ता. शनिवारी पणजीला कॅसिनोत जायचंय. कुठलं खरं तेवढंच सांगा, उपदेश नको.

शहापूरचा
टेबल कसलं? कॅट किती? डीलर दुसरा पत्ता आधीच घेतो की सगळ्यांचं झाल्यावर? सॉफ्ट १७ वर, म्हणजे एक्का ११ धरून झालेल्या १७ वर, थांबतो का? ब्लॅकजॅकला, म्हणजे पहिल्या दोन पत्त्यांत एक्का आणि दहाचा पत्ता (दश्शी किंवा चित्र) आला तर, ३ ला २ (दोन लावले की तीन) देतात की ६ ला ५? हे कळेपर्यंत दोन्ही पुस्तकं खरी आहेत.

निपाणीकर
ब्लॅकजॅक सोडा की. बॅकरॅटला बसा; तिथं खेळाडू आणि बँकर असे दोन हात पडतात, बँकरवर लावा. शंभराला सरासरी १ रुपया ६ पैसे जातात आणि पाठ काही करावं लागत नाही. टायवर (बरोबरीवर) मात्र लावू नका, ८ ला १ देतात तिथं शंभराला १४ जातात.

शहापूरचा
त्यानं बॅकरॅट विचारलेलंच नाही. नियम चांगले असले आणि पुस्तकातला तक्ता (कुठल्या हाताला काय करायचं त्याचा) पाळला तर ब्लॅकजॅकात शंभराला अर्ध्या रुपयाच्या आसपास जातात.

निपाणीकर
तक्ता पाळला तर ना! अडीचशेवर चौकोन आहेत त्यात. शनिवारपर्यंत कोण पाठ करणार?

खडेबाजार_९
सहा कॅट. दुसरा पत्ता सगळ्यांचं झाल्यावर. ३ ला २. आता सांगा.

शहापूरचा
मुख्य गोष्ट राहिली. डीलरला ब्लॅकजॅक लागला तर डबलचे जादा पैसे परत देतात की सगळे जातात?

खानापूर_रोड
एवढं कशाला? हरलं की दुप्पट लावायचं. एक डाव जिंकला की मागचं सगळं वसूल.

टिळकवाडी_गणित
१०० पासून धर. ओळीनं सात डाव गेले की १२,७०० गेले आणि आठव्याला १२,८०० लावायचे. टेबलाची मर्यादा १०,००० असली तर तो डाव लावताच येत नाही. आणि हे सगळं कशासाठी, तर १०० रुपयांच्या फायद्यासाठी. रक्कम वाढवली म्हणून पत्ते बदलत नाहीत.

चोर्ला_घाट
पावसाचे दिवस आहेत. चोर्ल्यानं जाणार असशील तर उजेड असताना घाट उतर, धुक्यात वळणं दिसत नाहीत.

खडेबाजार_९
रस्ता माहीत आहे. मित्राला विचारलं, सगळे पैसे जातात. सॉफ्ट १७ वर थांबतो.

शहापूरचा
मग दुसरं पुस्तक धर. पहिलं अमेरिकन टेबलाचं आहे. तिथं डीलर खालचा पत्ता आधीच बघतो, ब्लॅकजॅक असला तर डाव तिथंच संपतो आणि तुझी मूळ रक्कमच जाते. तुझ्या टेबलावर दश्शी उघडी असताना त्याला नंतर एक्का यायची शक्यता साधारण १३ त १. एक्का उघडा असला तर दहाचा पत्ता यायची १३ त ४. तोवर तू रक्कम दुप्पट करून बसलेला असतोस.

म्हणून ११ ला डीलरच्या ९ पर्यंतच डबल; दश्शी, चित्र किंवा एक्का असला तर नुसता पत्ता. अठ्ठ्यांची जोडी ९ पर्यंत फोड, पुढं १६ समजून पत्ता घे. एक्क्यांची जोडी फक्त एक्क्यासमोर फोडू नको, दश्शीसमोर फोडच. जादा पैसे परत देणारं टेबल मिळालं तर पहिलं पुस्तक लागू होतं.

चौकोन पाठ करू नको, ओळी कर. १३ ते १६ असले तर डीलरच्या ६ पर्यंत थांब, ७ पासून घे. १२ ला फक्त ४, ५, ६ वर थांब. १० ला ९ पर्यंत डबल, ९ ला ३ ते ६. घरी सराव करताना डीलरचा एक पत्ता मांडून ठेव आणि तेवढ्या एकाच पत्त्यासमोर हात बदलत जा. सगळं एकदम घेतलं की १२ आणि १३ ची गल्लत होते.

खानापूर_रोड
डीलरचा एक्का दिसला की इन्शुरन्स (त्याला ब्लॅकजॅक लागेल यावर वेगळी पैज) घ्यायचा हे सांगितलं नाहीस. निदान २० असताना तरी.

टिळकवाडी_गणित
२० ला तर मुळीच नको. इन्शुरन्स २ ला १ देतो, म्हणजे दहाचे पत्ते उरलेल्यांत तिसरा हिस्सा तरी हवेत. सहा कॅटात ते ९६. दोन तुझ्या हातात, डीलरचा एक्का वेगळा; उरलेल्या ३०९ पत्त्यांत ९४. तिसरा हिस्सा व्हायला १०३ लागतात.

निपाणीकर
मोबाईलवर पैसे लावून सराव करू नकोस. २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं ते बंद आहे.

खडेबाजार_९
कॅट आणलाय. एक्का-सत्तीचं काय? १८ झाले म्हणून थांबायचं ना?

शहापूरचा
सगळीकडं नाही. २, ७, ८ समोर थांब. ३ ते ६ समोर डबल. ९, दश्शी, चित्र, एक्का यांच्यासमोर पत्ता घे. तिथं १८ कमी पडतात आणि एका पत्त्यानं तू बाद होऊ शकत नाहीस, एक्क्याचा १ धरता येतो.