चोकवाल्या ठासणीच्या बंदुकीतून गोल गोळी मारता येते का?

द्राक्षबाग_दिंडोरी

नमस्कार मंडळी. वडिलांच्या नावावर पीक संरक्षणाचा परवाना आहे, ठासणीची एकनळी, बारा बोर. जुनी नळी आतून गंजून पार खराब झालेली म्हणून ती बंदूक रीतसर डीलरकडं जमा करून परवान्यावर दुसरी चढवून घेतली, ही तशी नव्यासारखी आहे, पण साफ करताना लक्षात आलं की गजाला गुंडाळलेलं कापड आत मोकळं फिरतं आणि तोंडाशी आलं की आवळतं. डीलरला फोन केला तर म्हणाला चोक आहे, छर्रे पांगत नाहीत, चांगलंच आहे की.

पण मला छर्रे मारायचे नाहीत, मला शिशाची एकच गोल गोळी टार्गेटवर मारायचीय. रानडुक्कर वगैरे डोक्यात नाही हे आधीच सांगतो. वडिलांकडं जुना साचा आहे, त्याची गोळी व्हर्नियरवर १७.५ मिमी भरते आणि नळीचं तोंड १७.६. म्हणजे नुसती गोळी जेमतेम आत सरकते, गोळीभोवती गुंडाळायच्या कापडाला जागाच नाही. गावात एक जण म्हणतो चोकमधून भरीव गोळी मारली की नळी फाटते, दुसरा म्हणतो जी तोंडातून आत गेली ती बाहेर येणारच, घाबरतो कशाला. दोघंही छातीठोक सांगतात. कोणाचं खरं धरायचं? आणि चोक काढून नळी सरळ करून घेतलेली बरी का?

गंगापूर_रोड_नेमबाज

दुसऱ्याचं अर्धं बरोबर आहे भाऊ, आणि राहिलेल्या अर्ध्यातच सगळा धोका आहे.

नळी फाटते ही भीती काडतुसाच्या बंदुकीवरून आलीय. तिथं गोळी मागून जाते, त्यामुळं नळीएवढी जाड गोळी भरली आणि पुढं फुल चोक असला तर भरीव शिशाला दबायला जागाच राहत नाही. स्लग, म्हणजे काडतुसातली एकच मोठी गोळी, चालतो कारण तो पोकळ आणि मऊ असतो, त्याच्या कडा दबतात. ठासणीत गोळी चोकमधूनच आत जाते त्यामुळं तो प्रश्न येत नाही.

पण चोकच्या मागं काय होतं ते बघ. बारा बोरची नळी साधारण १८.५ मिमी असते. तुझं तोंड १७.६ म्हणजे जवळजवळ फुल चोक, आणि त्यातून गेलेली कुठलीही गोळी आत गेल्यावर मिलिमीटरभर ढिली. दारूवर नीट दाबून बसवलीस, मग चालताना नळीचं तोंड खाली गेलं, तर गोळी पुढं सरकते आणि कापडासकट चोकपाशी येऊन अडकते. आता दारू मागं, गोळी पुढं, मधे सगळी हवा. अशा वेळी ती गोळी नुसतं बूच असते, आणि बार उडवला की नळी तिथं कड्यासारखी फुगते नाहीतर फाटते. गावातला पहिला माणूस ज्याला घाबरतोय ते असं होतं, पण दोष चोकचा नसतो, गोळी दारूला टेकलेली नसण्याचा असतो.

दुसरं म्हणजे काजळी. काळ्या दारूची काजळी चोकवर साचते आणि आपल्याकडं मार्च-एप्रिलची कोरडी हवा असली की ती कडक पापडी होऊन बसते. पहिली गोळी सहज जाते आणि काही बारांनंतर तीच गोळी अर्ध्यात अडते, मग लोक गजावर ठोकत बसतात. म्हणून प्रत्येक बारानंतर ओलसर फडका, मग कोरडा फडका, याला सुट्टी नाही.

आणि गजावर दोन खुणा कर, एक नळी रिकामी असतानाची, दुसरी बार नीट बसल्यावरची. दुसरी खूण तोंडाशी जुळली नाही तर दारू पेटवणारी टोपी लावायचीच नाही. मी हे कोणालाही पहिल्यांदा हेच सांगतो, नेम वगैरे नंतर.

सातपूर_टूलरूम

वरचं सगळं पटलं. फक्त १८.५ हे पुस्तकातलं माप आहे, तुझी नळी किती आहे ते मोजल्याशिवाय गोळी ठरवू नको, हातानं घडवलेल्या नळ्यांत बराच फरक सापडतो.

मोजताना टेलिस्कोपिक गेज नको. तो आत रुंद जागी लॉक केला की चोकमधून बाहेर येताना दबतो आणि माप चुकतं. आतली खाच मोजायचा डायल कॅलिपर मिळतो, दाबलं की पाय मिटतात, सोडलं की उघडतात, तो लांब पायाचा कोणाकडून तरी घरी आण. बंदूक घेऊन अंबड-सातपूरच्या वर्कशॉपमध्ये जाऊ नको, कोणी कितीही ओळखीचा असला तरी. आणि तोंड दोन दिशांनी मोज, उभं आणि आडवं. दोन्ही सारखं आलं तर चोक, वेगळं आलं तर नळीला पोचा आहे, मग पुढचं काहीच करायचं नाही. मोजायच्या आधी टोपी नाही ना आणि बार भरलेला नाही ना ते गज टाकून बघ, आत गेलेली लांबी बाहेरून नळीला लावून बघायची.

मालेगाव_बॉबी

शिशाची भानगड कशाला, १६ मिमीचे बेअरिंगचे बॉल मिळतात की, एकदम गोल आणि एका मापाचे. ते चालतील का?

गंगापूर_रोड_नेमबाज

अजिबात नाही. पोलाद दबत नाही, नळीला आणि चोकला ओरखडे पाडतं, कुठं घासलं-अडलं तर मार नळीच खाते. वर टणक गोळी मागं उसळून येते. मऊ शुद्ध शिसंच पाहिजे, टायरच्या वजनाचं शिसंसुद्धा त्यात अँटिमनी असल्यानं टणक असतं, तेही नको.

द्राक्षबाग_दिंडोरी

मोजलं. तोंड दोन्ही दिशांनी १७.६, आत १८.४ ते १८.५, आवळलेला भाग शेवटचे साधारण ५ सेंटिमीटर. म्हणजे चोकच. आता गोळी कुठली घेऊ ते सांगा, आणि कापड कसलं?

गंगापूर_रोड_नेमबाज

१६.८ मिमीचा साचा बघ. कापड ०.३५ चं धरलं तर दोन्ही बाजूंचं मिळून ०.७, म्हणजे १७.५, तोंडातून अंगठ्याच्या जोरानं जाईल. ही गोळी साधारण २८ ग्रॅमची होते, तुझ्या साच्याची ३२ च्या आसपास आहे. तो साचा आधीच्या सरळ नळीसाठीचा असणार, तिथं १७.५ ची गोळी आणि ०.४५ चं कापड बरोबर बसतं. या नळीत ती नुसतीच टाकावी लागेल, म्हणून नको.

कापड घट्ट विणीचं मांजरपाट किंवा पातळ ड्रिल, धुऊन खळ काढलेलं. त्याला मेण आणि बकऱ्याची चरबी वितळवून लाव, गाडीचं ऑइल किंवा ग्रीस लावू नको, काळ्या दारूबरोबर त्याचं डांबर होतं.

आत गेल्यावर ढिली राहणारच, त्यावर उपाय फेल्टचा. दारूवर नळीच्या मापाचा जाड मऊ फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीची चकती, तो चोकमधून दबून जातो आणि आत गेल्यावर फुलून नळी भरतो, त्यामुळं गॅस निसटत नाही. जाड पुठ्ठ्याची चकती चोकमधून आडवी जाते आणि आत तिरकीच राहते, ती नको. मग गोळी, आणि गोळीवर परत एक पातळ फेल्ट, तिला जागेवर धरून ठेवायला. उडालेलं कापड गोळा करून बघत जा, जळून भोक पडलेलं दिसलं तर गॅस बाजूनं निसटतोय, फेल्ट जाड कर.

दारूचं प्रमाण बंदुकीच्या मेकरनं दिलंय तेवढंच, आणि त्यातलंही खालच्या टोकापासून सुरू कर. काळीच दारू, परवान्यावर मिळते तीच. काडतुसातली बिनधुराची दारू चिमूटभरसुद्धा नको, आणि फटाक्यातली तर नकोच, तिचा दाब किती येईल कोणी सांगू शकत नाही.

कळवण_काका

उशिरा आलो. चोक ही गोष्ट मुळात ठासणीच्या काळाच्या अगदी शेवटची. इंग्लंडात पेप नावाच्या बंदूक कारागिराचं चोकचं पेटंट १८६६ चं, ग्रीनरनं चोक गाजवला तो १८७० नंतरच्या दशकात, तोवर काडतुसाच्या बंदुका आल्याच होत्या. म्हणून जुन्या ठासणीच्या नळ्या बहुतेक सरळच असतात आणि त्यांच्यासाठी सांगितलेले जुने ठोकताळे या बंदुकीला लावायचे नाहीत.

चोक काढायचं म्हणशील तर गोळीसाठी सरळ नळी कधीही बरी, माझं मत तेच. पण ते काम दुरुस्तीचा परवाना असलेल्या गनस्मिथकडंच, शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ मध्ये दुरुस्तीलासुद्धा परवाना लागतो. लेथवाल्याकडं नेलीस तर तोही अडकेल आणि वडीलही. आधी या चोकवर लहान गोळी मारून बघ, २५ मीटरवर समाधान झालं तर काढायची गरज नाही. ५० च्या पुढं गोल गोळीचा, मागची साइट नसलेल्या गुळगुळीत नळीतून, भरवसा धरू नये.

अजून एक, तुझा परवाना पीक संरक्षणाचा आहे. कलम १३ मध्ये ठासणीची बंदूक त्याच कारणासाठी वेगळी सांगितलेली आहे, त्यामुळं रेंजवर टार्गेटसाठी न्यायला चालते का हे कलेक्टर ऑफिसला वडिलांच्या सहीनं लेखी विचार, तोंडी हो म्हणाले त्यावर जाऊ नको. रेंजवाल्यांनाही काळ्या दारूचं आधीच सांग, बऱ्याच ठिकाणी धूर आणि ठिणग्यांमुळं नाही म्हणतात. आणि परवाना वडिलांचा आहे, तेव्हा बंदूक त्यांच्या ताब्यात आणि ते हजर असले पाहिजेत, तू एकटा घेऊन निघायचं नाही.

द्राक्षबाग_दिंडोरी

काका, हे डोक्यातच नव्हतं. सोमवारी अर्ज देतो. गोळी मधेच अडकली तर काय करायचं तेवढं सांगा, ते कोणी लिहिलं नाही.

कळवण_काका

बार उडवून मोकळी करायची नाही, कितीही सोपं वाटलं तरी. टोपी काढ, निपलमधून (टोपी बसते त्या भोकाच्या तोटीतून) पाणी घालून दारू पूर्ण भिजव, वेळ जाऊ दे, मग गजाच्या टोकाला गोळी काढायचा स्क्रू लावून शिशात फिरव आणि सरळ ओढ. नळीचं तोंड अंगाकडं किंवा कोणाकडं नको. तो स्क्रू गजाबरोबरच विकत घे, अडकल्यावर शोधायला जायची वेळ येऊ देऊ नको. नंतर गरम पाणी, कोरडा फडका, तेल, त्याच दिवशी. पावसाळ्यात तर रात्रभरसुद्धा ठेवायची नाही, काजळी हवेतलं पाणी ओढते आणि सकाळी नळी लाल दिसते.