मदत हवी आहे : संत्र्याच्या खोडातून डिंक वाहतोय, काही पानं काळी पडलीत. रोग एक की दोन?

नमस्कार. वरूड तालुक्यात आमची संत्र्याची २८० झाडं आहेत. नागपुरी संत्रा, जंबेरी खुंटावरची (म्हणजे जंबेरी लिंबाच्या मुळावर बांधलेली) कलमं, वय बारा वर्षं. जमीन काळी, भारी. बाग बाबांनी लावली आणि त्यांनीच पाहिली. मागच्या वर्षी ते गेले, तेव्हापासून मी आणि आई बघतो. मला जे येतं ते त्यांच्या मागे बागेत फिरताना कानावर पडलेलं आहे, म्हणून सविस्तर विचारते.

सखल भागातल्या सहा झाडांची साल जमिनीलगत उभी चिरली आहे आणि तिथून डिंक ओघळतोय. नखाने साल थोडी उचलली तर आतून तपकिरी, कुजकी. याच झाडांची पानं पिवळी पडताहेत, पण सबंध पान नाही. मधली शीर आणि तिचे फाटे पिवळे, बाकी पान हिरवट. शेंड्याकडच्या काड्याही वाळू लागल्यात.

धुऱ्याकडच्या दोन ओळींत वेगळंच दिसतं. पानांवर आणि आंबिया बहराच्या (हिवाळ्याअखेरच्या फुलांच्या) फळांवर काजळी धरल्यासारखा काळा थर आहे. तिथे डिंक कुठेच नाही.

दुकानात फोटो दाखवला तर खोडकिडा आहे म्हणून कीटकनाशक दिलं. दोन फवारण्या झाल्या, डिंक तसाच. आता शेजारचे म्हणतात सहाही झाडं उपटा, नाहीतर बाग जाईल. हे ऐकल्यापासून आईला जेवण गोड लागत नाही. खरंच उपटावी लागतील का?

प्रतिसाद १
ताई, उपटायची घाई करू नका. आधी तीन गोष्टी पाहून सांगा. डिंकाजवळ छिद्र किंवा लाकडाचा भुसा आहे का? कलमाचा जोड जमिनीच्या किती वर आहे? काळ्या पानांच्या खालच्या बाजूला काय दिसतं?

धागाकर्ती
आत्ताच जाऊन आले. छिद्र नाही, भुसा नाही. काळा थर ओल्या फडक्याने पुसला तर निघतो, खाली पान हिरवंच आहे. पानामागे मोहरीहून बारीक, काळे, चपटे ठिपके चिकटलेत.

जोड मात्र दिसलाच नाही. खुरप्याने माती काढली तेव्हा चार बोटं खाली सापडला. उन्हाळ्यात मीच मजूर लावून खोडांना मातीची भर दिली होती. झाडाला आधार होईल असं वाटलं होतं.

प्रतिसाद २
मग उलगडलं. तुमच्याकडे दोन वेगळे त्रास आहेत.

सखल भागातला डिंक्या. फायटोफ्थोरा नावाची बुरशी, जमिनीतली. ओल धरलेली माती खोडाला टेकली की ती सालीत शिरते. साल कुजली की पानांनी बनवलेलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही, म्हणून शिरा पिवळ्या होतात. खोडकिडा किंवा साल खाणारी अळी असती तर भुसा, विष्ठा, जाळी यांपैकी काहीतरी दिसलंच असतं. कीटकनाशकाने बुरशी हटत नाही, त्यामुळे फवारण्या वाया गेल्या.

मुळंही तपासा. आळ्यातली बारीक मुळी उकरून चिमटीत धरून ओढा. वरचं आवरण सहज निघून आत दोऱ्यासारखी शीर उरली तर मूळकूज सुरू आहे. पांढरी, टणक मुळी निघाली तर झाडात अजून दम आहे.

करायचं असं : जोड जमिनीपासून वीतभर वर उघडा होईपर्यंत माती मागे ओढा. पाऊस उघडला की कुजलेली साल निरोगी कडेपर्यंत धारदार चाकूने खरवडा, खरवड गोळा करून जाळा. मग बोर्डो मलम लावा. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या वेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करा, लोखंडी भांडं नको. तयार मलमात स्वच्छ लोखंडी खिळा बुडवून बघा, तांबूस झाला तर चुना कमी पडलाय. जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत लावा. दरवर्षी पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. मुळं कुजलेली असतील तर मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेबचं मिश्र बुरशीनाशक लेबलवरच्या मात्रेत आळ्यात ओता. मात्र सगळ्यात आधी साचलेल्या पाण्याला चर काढा, नाहीतर बाकी सगळं वाया.

धुऱ्याकडची कोळशी. पानामागचे ठिपके म्हणजे काळ्या माशीचे कोष. माशी रस शोषते, चिकट पाझर टाकते, त्यावर काळी बुरशी वाढते. नुसतं काळं धुऊन उपयोग नाही, माशी आवरली पाहिजे. निंबोळी तेलाची फवारणी पानांच्या खालून झाली पाहिजे, आणि नवती फुटते तेव्हा. दाट, अंधाऱ्या फांद्या विरळ करा.

प्रतिसाद ३
उपटण्याबद्दल माझा अनुभव. सालीची कूज खोडाभोवती अर्ध्याहून कमी असेल तर झाड वाचवायचा प्रयत्न करावा. आमची चार वाचली, दोन गेली. पूर्ण वेढा पडलेलं झाड ठेवण्यात अर्थ नाही. आणि या वर्षी त्या झाडांवर मृग बहराचा (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलांचा) भार ठेवू नका, फळं उतरवून टाका. जीव तुटतो, पण झाड उभं राहतं.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांची उघाडी मिळाली, तेवढ्यात २८० झाडांची माती मागे घेतली, चर काढला, सहा झाडं खरवडून मलम लावलं. पाच झाडांची साल तिसरा हिस्साच गेलीय आणि मुळ्या पांढऱ्या निघाल्या. सहाव्याला पूर्ण वेढा आहे. ते बाबांनी सगळ्यात पहिलं लावलेलं, पण आई स्वतःच म्हणाली, काढू.

त्या खड्ड्यात पुन्हा कलम लावायचं तर किती दिवस थांबावं? आणि रंगपूर लाईम खुंटावरचं लावलं तर आमच्या काळ्या जमिनीत डिंक्याला जास्त टिकेल का? ज्यांनी लावलंय त्यांनी कृपया लिहा.