बागेला लागून असलेली जागा बागेत घ्यायचीय, सुरुवात कुठून करायची?

कोथरूडकर७: आमच्या बागेच्या मागे महापालिकेचाच मोकळा प्लॉट पडून आहे, राडारोडा टाकतात लोक तिथे. बाग एवढीशी, संध्याकाळी मुलं आणि आजी-आजोबा एकाच ट्रॅकवर, धक्काबुक्कीच होते रोज. सगळ्यांना विचारून वाढवता येईल का?

नकाशेवाला: आधी त्या प्लॉटचा झोन दाखला काढा, म्हणजे जागा कशासाठी राखीव आहे ते कळेल. डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, उद्यानाचं आरक्षण असेल तर अर्धी लढाई जिंकलात. दुसरं आरक्षण असेल तर एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायदा १९६६, कलम ३७ खाली आराखड्यात फेरबदल लागतो, त्यात हरकती-सूचना मागवतात आणि मग सरकारची मंजुरी, वेळ जातो पण होतं.

सुमा_ताई: पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक आहे, म्हणजे महापालिकेच्या बजेटसाठी आपण कामं सुचवायची, फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात मिळतो, एका कामाला ५ लाखांपर्यंत. त्यात अख्खा विस्तार बसणार नाही पण बाकं, दिवे, ट्रॅक नक्की बसतात. आणि सूचना गोळा करताना फक्त सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर थांबू नका हो, मागच्या वस्तीतल्या बायका दुपारी येतात बागेत, त्यांना आधी स्वच्छतागृह हवं असतं, ओपन जिम नंतर!

कोथरूडकर७: हे अगदी खरंय ताई, मागच्या बैठकीत त्यांच्यातलं कुणीच नव्हतं. रविवारी बागेतच सतरंजी टाकून बसतो सगळे.

नकाशेवाला: बसा, पण प्लॉटवरची झाडं मोजून ठेवा, तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, त्यामुळे ट्रॅकच झाडांना वळसा घालून आखा.