१७०९ च्या 'बफ्स' पलटणीचा गणवेश : संदर्भ सुचवावेत

शिसपेन्सिल : माल्प्लाकेच्या लढाईतील (१७०९, फ्रान्सविरुद्ध) ड्यूक ऑफ अर्गाइलच्या ब्रिटिश पलटणीचे, म्हणजे पुढे 'बफ्स' (बफ म्हणजे फिकट पिवळसर बदामी) म्हणून प्रसिद्ध झालेल्या पायदळाचे छोटे धातूचे सैनिक मला रंगवायचे आहेत. १७४२ च्या सरकारी गणवेश-चित्रसंग्रहावर विसंबता येईल का? संदर्भांसाठी चाळीस पौंडांपेक्षा अधिक खर्च शक्य नाही.

दर्यावर्दी : चाळीस पौंडांत काहीही होत नाही. मी लोकरी कापड आणून त्या काळचा डगला शिंप्याकडून अंगाबरोबर शिवून घेतला आणि त्यानंतरच त्याचा घेर मला उमगला. आपणही तेच करावे.

कोथरूडकर : १७४२ ची चित्रे चालणार नाहीत, कारण तोपर्यंत छातीवर दुमडलेल्या रंगीत पट्ट्या आल्या होत्या आणि डगल्याचे घोळ मागे वळवून अडकवले जात. माल्प्लाकेचा ब्रिटिश सेनापती मार्लबरो याच्या काळचा डगला बिनकॉलरचा व गुडघ्यापर्यंत मोकळा असे. मी एका विक्रेत्याकडून 'मार्लबरोचे सैनिक' म्हणून संच मागवला, तर त्यात चक्क अमेरिकन क्रांतीच्या काळातले शिपाई निघाले. पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत.

जुनेपाने : 'लंडन गॅझेट' या ब्रिटिश सरकारी वृत्तपत्राचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. पळून गेलेल्या शिपायांच्या जाहिरातींत कर्नलचे नाव, डगल्याचा रंग आणि अनेकदा अस्तराचा रंगही दिलेला असतो. मात्र शोध 'अर्गाइल' या नावानेच घ्यावा, कारण गणवेश-आदेशाने पलटणींचे क्रमांक पक्के केले ते १७५१ मध्ये, आणि तोवर पलटण कर्नलच्याच नावाने ओळखली जाई.

कोथरूडकर : लढाई ११ सप्टेंबरची असली, तरी इंग्लंडच्या जुन्या (युरोपातल्या नव्याहून अकरा दिवस मागे असलेल्या) पंचांगाप्रमाणे ती ३१ ऑगस्टला झाली, हेही लक्षात ठेवावे.

दर्यावर्दी : तारखेने डगल्याचा रंग बदलत नाही.

कोथरूडकर : पण अंक चुकीच्या आठवड्याचा उघडला जातो.

सुईदोरा : मूळ प्रश्न रंगाचा आहे. १७०७ च्या नियमांनुसार दुसऱ्या वर्षीचे वेस्टकोट आदल्या वर्षीच्या डगल्यातून बेतले जात. म्हणून वेस्टकोट लाल रंगवणे सुरक्षित, तर अस्तर आणि बाह्यांच्या रुंद दुमडी फिकट पिवळसर बदामी ठेवाव्यात. कापडाचा खर्च शिपायाच्याच पगारातून कापला जाई आणि व्यवहार कर्नल करी, त्यामुळे पलटणीपलटणींत फरक पडे. सगळ्या सैनिकांना एकाच डबीतला झगझगीत लाल रंग देऊ नये.

नवखा_संग्राहक : मीही तेच सांगणार होतो : गॅझेट पाहावे. शिवाय लंडनमधील क्यू येथील ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात महिनाभर बसावे.

शिसपेन्सिल : सर्वांचे आभार. क्यूला महिनाभर बसणे नोकरीमुळे शक्य नाही, आणि डगला शिवण्याचा तर प्रश्नच नाही. मी लढाईच बदलत आहे : १७४३ ची डेटिंगन. त्या लढाईत हीच पलटण थॉमस हॉवर्डच्या हाताखाली होती. दुसऱ्या एका हॉवर्डच्या पलटणीच्या बाह्यांच्या दुमडी हिरव्या असल्यामुळे दोघांना रंगावरून वेगळे ओळखत, त्यामुळे बदामी रंगाविषयी शंकाही उरत नाही. १७४२ ची चित्रे मला पुरतील आणि चाळीस पौंडांचे सैनिकच घेता येतील.

कोथरूडकर : डेटिंगनची तारीखही दोन्ही पंचांगांत वेगवेगळी आहे.